पुदिन्याचे औषधी उपयोग: पान, तेल आणि खडे यांत नेमका फरक कोणता?

प्रश्न: अंगणवेल

नमस्कार. माझ्याकडे तीन कुंड्यांत पुदिना आहे आणि तिन्ही रोपे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या परिचितांकडून मिळालेली आहेत. घरात तिन्हींना पुदिनाच म्हणतात, परंतु पान चुरगळून पाहिले तर वास सारखा येत नाही. पहिल्या कुंडीतला वास गोडसर व सौम्य आहे. दुसऱ्या कुंडीतले पान चावून तोंडाने श्वास आत घेतला की टाळूपर्यंत गार वाटते. तिसरे रोप मातीलगत पसरते, त्याची पाने करंगळीच्या नखाएवढी आहेत आणि वास इतका उग्र आहे की नुसता हात लागला तरी तो बराच वेळ बोटांवर राहतो.

माझी आई गेली चार-पाच वर्षे पोट फुगले किंवा मळमळले की ताजी पाने पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळून त्याचा काढा घेते. सुरुवातीला तिला चांगला गुण येत असे. अलीकडे मात्र रात्री काढा घेऊन आडवे झाले की तिच्या छातीत जळजळ होते आणि आंबट ढेकर येतात. पाने कमी पडत असतील असे समजून ती आता मूठ-दीड मूठ पाने टाकू लागली आहे, आणि जळजळ वाढतच चालली आहे.

माझ्या बहिणीला सात महिन्यांची मुलगी आहे. तिला सर्दी झाली असताना नाकाखाली पुदिन्याच्या तेलाचा थेंब लावावा, असे एका वडीलधाऱ्या व्यक्तीने आपुलकीने सुचवले आहे. तेलाची बाटली आणून ठेवली आहे, पण अजून लावलेले नाही. तिसरी गोष्ट माझ्या एका मैत्रिणीची. अनियमित पाळी आणि चेहऱ्यावरचे केस यांसाठी पुदिन्याचा चहा घ्यावा असे तिने कुठेतरी वाचले आहे.

पुदिना औषधी आहे हे आपण सारेच ऐकत आलो आहोत. पण कोणता पुदिना, कोणत्या रूपात, किती आणि कोणासाठी, हे कोणी नीट सांगत नाही. ज्यांचा या विषयाचा अभ्यास किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: खलबत्ता

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. आपण प्रश्न ज्या क्रमाने विचारले आहेत तो क्रम मोडून मी बाळापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सारे थांबू शकते.

सात महिन्यांच्या मुलीच्या नाकाखाली, छातीवर किंवा उशीवर पुदिन्याचे तेल अजिबात लावू नये. या तेलातील मेंथॉल तान्ह्या मुलांच्या नाकातोंडाजवळ आले तर प्रतिक्षिप्त क्रियेने श्वास थांबू शकतो किंवा स्वरयंत्र आवळले जाऊ शकते. म्हणूनच दोन वर्षांखालील मुलांसाठी हे तेल वर्ज्य मानले जाते. त्यात कापूर मिसळलेला असेल तर धोका दुहेरी होतो, कारण कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना फिट येऊ शकते. बाटली मुलीचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. बाळाच्या चोंदलेल्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब हा साधा आणि निर्धोक उपाय आहे, आणि मूल दूध ओढत नसेल, जोरात श्वास घेत असेल किंवा त्याला ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

येथे एक गैरसमजही दूर व्हायला हवा. मेंथॉलने नाक मोकळे होते असे मोठ्यांनाही वाटते, परंतु नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा मोजला तर तो मेंथॉलच्या आधी आणि नंतर जवळजवळ तेवढाच भरतो. बदलते ती केवळ जाणीव. त्वचेतील आणि श्लेष्मल आवरणातील मज्जातंतूंवर थंडी ओळखणारी जी प्रथिने असतात, त्यांपैकी एकाला मेंथॉल चाळवते आणि तापमान मुळीच उतरलेले नसताना मेंदूला गारव्याचा निरोप जातो. हे प्रथिन २००२ साली दोन स्वतंत्र गटांनी शोधले, आणि त्या गटांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पाटापुटियन यांना तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील कामासाठी २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. सर्दीने बेजार झालेल्या मोठ्या माणसाला त्या गारव्यानेही बरे वाटते, आणि त्याला मी कमी लेखत नाही. पण ज्या बाळाला आपली अडचण सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत केवळ जाणिवेसाठी हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

आता आपल्या आईंविषयी. त्यांना आधी आलेला गुण आणि आता होणारा त्रास ही दोन्ही एकाच गुणधर्माची फळे आहेत. पुदिन्याच्या तेलामुळे पचनमार्गाच्या भिंतीतील स्नायू सैलावतात. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरते तेव्हा तो आकुंचन पावतो, आणि मेंथॉल त्या प्रवेशालाच आडकाठी करते. आतड्यात गुबारा धरला असेल, मुरडा येत असेल, तर हे सैलावणे सुखाचे ठरते, कारण वायूला वाट मिळते. परंतु अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथेही स्नायूंची एक कडी असते, आणि जठरातले आम्ल वर येऊ न देणे हे तिचे काम असते. तीही याच कारणाने ढिली पडते. काढा रात्रीचा, त्यावर लगेच आडवे होणे आणि पानांचे प्रमाण वाढलेले, अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्यावर जळजळ होणारच. पाने वाढवणे म्हणजे येथे त्रासच वाढवणे आहे.

माझी सूचना अशी की त्यांनी दोन-तीन आठवडे पुदिना पूर्ण बंद करून पाहावा. जळजळ थांबली तर कारण सापडले. ती तशीच राहिली, किंवा गिळताना घास अडकणे, वजन घटणे, शौच काळी होणे यांपैकी काहीही असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. त्यांना पित्ताशयात खडे असल्याचे पूर्वी कधी सांगितलेले असेल तर पुदिन्याचे तेल किंवा त्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पान आणि तेल यांतला फरक आकड्यांनी अधिक नीट कळेल. युरोपीय औषधिकोशानुसार पेपरमिंटच्या, म्हणजे गारवा देणाऱ्या मेंथॉलयुक्त पुदिन्याच्या, अख्ख्या वाळलेल्या पानांत निदान १.२ टक्के तेल असावे लागते. मोठ्या माणसाला अपचन व पोटफुगीसाठी सांगितलेली पानांची मात्रा आहे एका वेळी दीड ते तीन ग्रॅम वाळलेली पाने, १०० ते १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात, दिवसातून तीन वेळा. दीड ग्रॅम पानांत साधारण ०.०१८ मिलिलिटर तेल असते आणि तेही सारे पाण्यात उतरत नाही. आतड्याच्या तक्रारींसाठी मिळणाऱ्या एका कॅप्सूलमध्ये बहुधा ०.२ मिलिलिटर तेल असते, म्हणजे अशा अकरा कपांतल्या पानांत मिळून जेवढे असेल तेवढे. त्यामुळे ‘पुदिना निरुपद्रवी आहे’ हे पानांबद्दल बरेचसे खरे असले तरी तेलाबद्दल ते म्हणता येत नाही, आणि ‘चाचण्यांत पुदिना सिद्ध झाला आहे’ हे तेलाबद्दल काही अंशी खरे असले तरी आपल्या कपातल्या पानांना ते तसेच लागू होत नाही.

ज्या चाचण्यांचा इतका बोलबाला असतो त्या बहुतांशी चिडखोर आतड्याच्या विकाराच्या, आणि कॅप्सूलमधील तेलाच्या आहेत. त्या कॅप्सूलवरचे आवरण जठरात विरघळत नाही, आतड्यात गेल्यावर विरघळते, आणि ते याच जळजळीच्या भीतीने दिलेले असते. म्हणून ती चावू नये, फोडू नये आणि आम्लनाशक औषधाबरोबर घेऊ नये, कारण जठरातले आम्ल कमी झाले की आवरण तिथेच विरघळण्याची शक्यता असते. अमेरिकेतील जठरांत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत या विकारासाठी पेपरमिंट सुचवले आहे, पण पुरावा कमी प्रतीचा आहे हेही त्याच वाक्यात नोंदवले आहे.

उत्तर २: कुंडीतली माती

खलबत्ता यांनी औषधाची बाजू उत्तम मांडली आहे. मी अनेक वर्षे सुगंधी वनस्पती लावत आले आहे, त्यामुळे कुंड्यांविषयी लिहिते. माझ्या मते आपल्या प्रश्नातली सर्वांत गंभीर कुंडी तिसरी आहे.

पहिली बहुधा मेंथा स्पायकाटा, म्हणजे स्पिअरमिंट. हिची पाने लांबट व टोकदार असतात आणि देठ जवळजवळ नसल्यामुळे ती थेट खोडाला चिकटलेली दिसतात. हिच्या तेलात मुख्य घटक कार्व्होन असतो आणि मेंथॉल नाममात्र, म्हणून वास गोड येतो पण जीभ गार पडत नाही. (कार्व्होनचा रेणू दोन रूपांत आढळतो, आरशातल्या प्रतिबिंबासारखा, डावा आणि उजवा. एक रूप या पुदिन्याला वास देते आणि दुसरे शहाजिऱ्याला. घटक तेच, जोडणीही तीच, केवळ बाजू बदलली की नाकाला ती वेगळी वस्तू वाटते, याचे मला आजही नवल वाटते.)

दुसरी कुंडी पेपरमिंटची असावी, म्हणजे मेंथा पिपेरिटा. पानाला स्पष्ट देठ, खोडावर अनेकदा जांभळी झाक आणि तो ओळखीचा गारवा, या तिच्या खुणा. ही स्वतंत्र जात नसून पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांचा संकर आहे. ती वांझ असल्यामुळे तिचे बी धरत नाही. ती वाढवायची तर धावत्या खोडाचा तुकडाच लावावा लागतो. त्यामुळे कोणी ‘पेपरमिंटचे बी’ म्हणून पाकीट दिले तर त्यातून उगवेल ते दुसरेच काहीतरी असेल. गारवा देणारा आणखी एक पुदिना आहे, ज्याला जपानी पुदिना म्हणतात. त्याच्या तेलात मेंथॉल पेपरमिंटपेक्षाही कितीतरी अधिक असते आणि ज्याला आपण पुदिन्याचे फूल म्हणतो ते पांढरे, सुईसारखे खडे मुख्यतः त्याचे तेल थंड करूनच काढतात. फूल हा शब्द ऐकून ते झाडाचे फूल आहे असे समजणारे मला भेटलेले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते की ते जवळजवळ शुद्ध मेंथॉल असते आणि पानाच्या मापाने ते कधीही वापरू नये.

आता तिसरी. जमिनीसरशी पसरणारी, बारीक पानांची आणि अतिशय उग्र वासाची म्हटल्यावर मला मेंथा पुलेजियमची, म्हणजे पेनिरॉयलची शंका येते. युरोपात ही पिसवा पळवण्यासाठी वापरत, आणि तिच्या शास्त्रीय नावातही पिसू हाच लॅटिन शब्द दडलेला आहे. पाळी आणण्यासाठी आणि गर्भपातासाठीही तिचा काढा व तेल घेण्याची जुनी प्रथा होती. तिच्या तेलात पुलेगोन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. ते यकृतात गेले की त्यापासून अधिक विषारी पदार्थ तयार होतात, आणि हे तेल प्याल्यामुळे यकृत निकामी होऊन माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. मी केवळ वर्णनावरून लिहिते आहे. बारीक पानांचा दुसरा एक शोभेचा पुदिनाही असाच पसरतो, पण त्यातही पुलेगोन असते, त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही. या कुंडीतले पान कोणत्याही कारणाने पोटात घेऊ नये. आपल्या मैत्रिणीने तर मुळीच नाही, कारण पाळीसाठी पुदिना शोधणाऱ्या व्यक्तीच्या हाती नेमके हेच रोप लागणे ही सर्वांत वाईट गाठ ठरेल.

तिन्ही कुंड्या एकमेकींना टेकून ठेवल्या असतील तर आजच लांब करा. पुदिन्याची धावती खोडे शेजारच्या कुंडीत सहज शिरतात, आणि वर्षभरात कोणते पान कुठले ते आपल्यालाही सांगता येणार नाही.

उत्तर ३: जुनी पोथी

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. मात्र एका ठिकाणी परंपरेला जो दोष लागू पाहतो आहे तो तिचा नाही, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. आईंनी जे केले ते परंपरेने सांगितलेलेच नाही.

आयुर्वेदात औषधी द्रव्य वापरण्याची पाच मूळ रूपे सांगितली आहेत: स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट. कठीण मूळ, साल, लाकूड यांचा काढा करायचा असतो, कारण त्यांतले गुण निघायला आच आणि वेळ दोन्ही लागतात. नाजूक, सुगंधी पानाफुलांसाठी फांट असतो, म्हणजे उकळते पाणी द्रव्यावर ओतायचे, झाकायचे, थोड्या वेळाने गाळून घ्यायचे. ज्याचा गुण वासात आहे त्याला वीस मिनिटे उघड्या भांड्यात उकळले तर गुण घरभर दरवळतो आणि भांड्यात उरतो तो कडवट रंगीत पाण्याचा भाग. आईंना पाने कमी पडतात असे वाटू लागण्यामागे हेही एक कारण असू शकते. चिनी वैद्यकातही हाच विचार दिसतो. तेथे बो-ह या नावाने ओळखला जाणारा पुदिना ६५९ साली सिद्ध झालेल्या राजाश्रयी औषधिसंग्रहात आला, आणि आजही काढ्याच्या कृतीत तो शेवटच्या काही मिनिटांत टाकावा असे सांगतात. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरा एकाच निष्कर्षाला येतात तेव्हा त्यामागे डोळसपणे घेतलेला अनुभव असतो, असे मला वाटते.

तरीही परंपरेचे शब्द जसेच्या तसे उचलण्यात एक खरी अडचण आहे, आणि ती कुंडीतली माती यांच्या उत्तरावरून लक्षात येते. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने गोड वासाच्या पुदिन्याविषयी लिहिले आहे. आंबट डाळिंबाच्या रसाबरोबर त्याच्या दोन-तीन काड्या घेतल्या तर उचकी व वांती थांबते, कपाळावर लावला तर डोकेदुखी कमी होते, दुधाने ताठलेल्या स्तनांवर त्याचा लेप करावा, असे त्यात आहे. आजचे लेखक हे उतारे देतात आणि शेजारी पेपरमिंटचे चित्र छापतात. पण पेपरमिंटची पहिली नोंद १६९६ साली जॉन रे या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने केली आणि लंडनच्या औषधिकोशात ते १७२१ साली दाखल झाले. डायोस्कोरिडीससमोर ते रोप असण्याचा प्रश्नच येत नाही. याचा अर्थ असा की पश्चिमेकडची जुनी शिफारस बहुतांशी कार्व्होनवाल्या सौम्य पुदिन्याची आहे, आणि आधुनिक चाचणी बहुतांशी मेंथॉलवाल्या तेलाची. एकीचा दाखला दुसरीला देणे दोन्ही बाजूंवर अन्याय करणारे आहे. आपल्याकडे तर ‘पुदिना’ हा शब्दच फारसीतून आलेला असून तो अख्ख्या घराण्याला लागतो, त्यामुळे घोटाळा अधिकच सोपा होतो.

डोकेदुखीच्या बाबतीत मात्र जुना अनुभव आणि नवी चाचणी जवळ येतात. कपाळावर आणि कानशिलांवर दहा टक्के पेपरमिंट तेलाचे अल्कोहोलमधील द्रावण लावले असता ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत एक ग्रॅम पॅरासिटामॉलइतकाच उतार पडला, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत दिसले होते. युरोपीय औषध संस्थाही हा उपयोग मान्य करते. द्रावण डोळ्यांत जाऊ द्यायचे नाही आणि निव्वळ तेल त्वचेवर चोळायचे नाही, एवढे पथ्य पाळावे लागते. दुधाच्या स्तनांवरील लेपाचा सल्ला मात्र मी आज कोणालाही देणार नाही, कारण तिथे बाळाचे नाक अगदी जवळ असते आणि खलबत्ता यांनी सांगितलेला धोका तिथे तसाच लागू होतो.

उत्तर ४: खलबत्ता

जुनी पोथी यांची दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे. कार्व्होन आणि मेंथॉल यांचा मुद्दा मी अधिक स्पष्ट मांडायला हवा होता. मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहिले होते, आणि ते याच मुद्द्याला जोडून देता येते.

चेहऱ्यावरील केसांच्या संदर्भात ज्या अभ्यासांचा उल्लेख होतो ते स्पिअरमिंटचे आहेत, पेपरमिंटचे नव्हेत. त्यांपैकी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीजकोशांच्या विकारामुळे चेहऱ्यावर केस वाढलेल्या ४२ स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला दिवसातून दोनदा स्पिअरमिंटचा चहा आणि दुसऱ्या गटाला दुसराच वनस्पतिजन्य चहा महिनाभर दिला होता. स्पिअरमिंट घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन उतरले आणि स्वतःला फरक वाटतो असेही त्यांनी सांगितले. पण तपासणाऱ्याने केसांची वाढ मोजली तेव्हा ठळक फरक आढळला नाही. केसाचे चक्र महिन्याहून बरेच मोठे असते, त्यामुळे तीस दिवसांत तो दिसायला हवा होता असेही म्हणता येत नाही. म्हणजे आशा ठेवायला जागा आहे, परंतु त्यावर विसंबून तपासणी किंवा चालू असलेले औषध टाळायला जागा नाही. आपल्या मैत्रिणीने पहिल्या कुंडीतल्या पानांचा फांट दिवसातून एक-दोन वेळा घेण्याला माझी हरकत नाही, मात्र तिने हे आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावे आणि गर्भधारणेचा विचार असेल तर त्याआधी अवश्य विचारावे.

उत्तर ५: अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. तेलाची बाटली बहिणीच्या घरातून मी स्वतः जाऊन घेऊन आले आहे. बाळाची सर्दी मिठाच्या पाण्याच्या थेंबांवरच उतरली. आईचा काढा बंद करून आज अठरा दिवस झाले आणि रात्रीची जळजळ जवळपास थांबली आहे, फक्त एका रात्री झाली होती. तिला काढ्याची सवय इतकी जडली होती की तो सोडताना ती हिरमुसली. म्हणून विचारते की, पुढे कधी पोट जड झाले तर तिने अल्प प्रमाणात पुदिना घेतला तर चालेल का? तिला रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि आजवर ती गोळी काढ्याबरोबरच घेत होती, हेही लिहायला हवे.

उत्तर ६: खलबत्ता

हे शेवटचे वाक्य आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. पुदिन्यातील पॉलिफिनॉल द्रव्ये वनस्पतिजन्य अन्नातील लोहाला बांधून ठेवतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणाबरोबर पेपरमिंटचा चहा घेतल्यास लोहाचे शोषण ८४ टक्क्यांनी घटलेले आढळले होते, म्हणजे नेहमीच्या काळ्या चहाइतकेच. तो आकडा अन्नातील लोहाचा आहे, गोळीचा नव्हे. तरीही गोळी पुदिन्याबरोबर घेणे शहाणपणाचे नाही. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुदिना घ्यायचाच झाला तर मध्ये निदान दोन तास जाऊ द्यावेत. आईंच्या रक्तातील हिमोग्लोबिन अपेक्षेप्रमाणे वाढत नसेल तर हा काढ्याचा तपशील त्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगावा, कारण तो त्यांना आपणहून सुचणार नाही.

पुढे अधूनमधून घ्यायला हरकत नाही. गारवा देणाऱ्या कुंडीऐवजी पहिल्या कुंडीतली पाने घ्यावीत, म्हणजे मेंथॉलचा प्रश्न उरत नाही. ताज्या पानांत सुमारे ऐंशी टक्के पाणी असते, तेव्हा दीड ग्रॅम वाळलेल्या पानांऐवजी सात-आठ ग्रॅम ताजी पाने पुरतात. एकदा वजनकाट्यावर मोजून आपल्या हाताचा अंदाज बसवून घ्यावा. त्यावर उकळते पाणी ओतून पाच ते दहा मिनिटे झाकून ठेवावे, गाळून दुपारी घ्यावे, आणि त्यानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये. स्पिअरमिंटनेही काहींना जळजळ होते, आणि तसे झाले तर मात्र पुदिना त्यांच्यासाठी नाही असे समजावे.

उत्तर ७: कुंडीतली माती

पाने खुडण्याविषयी थोडे लिहिते. फुलोरा यायच्या आधी, पण कळ्या दिसू लागल्यावर, पानांत तेल भरपूर असते. दव सुकल्यानंतर सकाळी खुडावीत आणि वाळवायची असल्यास सावलीत, वारा लागेल अशा जागी पातळ पसरावीत. उन्हात वाळवलेल्या पानांचा रंगही जातो आणि वासही. पाने वाळली तरी चुरू नयेत. ती अख्खीच झाकणाच्या बरणीत ठेवावीत आणि वापरायच्या वेळी चुरावीत, कारण तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असते आणि चुरा केला की ते उडून जायला लागते.

तिसऱ्या कुंडीविषयी माझी शंका फिटलेली नाही. शक्य असेल तर ते रोप एकटे, दूर ठेवून फुलू द्या. स्पिअरमिंट व पेपरमिंट यांची फुले फांदीच्या टोकाला तुऱ्यासारखी येतात. पेनिरॉयलची फुले मात्र टोकाला तुरा न करता खोडावर पानांच्या बेचक्यांत, ठरावीक अंतरावर, गोल गुच्छांनी येतात, जणू खोडाला जांभळे मणी ओवले आहेत. तसे गुच्छ दिसले तर ओळख बरीचशी पक्की झाली. तोवर त्या कुंडीवर ‘पोटात घेऊ नये’ अशी चिठ्ठी लावा, आणि कोणी रोप मागितले तर त्या कुंडीतले देऊ नका.